चिणगीआबांचा मार्क

लोखंडाचा तुकडा ग्राइंडरला लावायचा, उडणाऱ्या ठिणग्या डोळे बारीक करून पाहायच्या आणि त्यात कार्बन किती आहे ते सांगून टाकायचं. आमटीत मीठ कमी आहे हे माणूस जितक्या सहज सांगतो, तितक्या सहज आबा हे सांगत. ठिणगीला आमच्या खानदेशात चिणगी म्हणतात. त्यामुळे धुळ्याच्या एमआयडीसीतल्या त्या रोलिंग मिलमध्ये गेटवरच्या वॉचमनपासून खुद्द शेठपर्यंत सगळे त्यांना चिणगीआबा म्हणत. त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते चौकशीच्या कागदावर.

मी फैजपूरची. एमएस्सी झाल्यावर त्या मिलच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून लागले. माझ्यासोबतच लॅबमध्ये एक महागडं यंत्र आलं होतं. सळईचा तुकडा त्याच्यात ठेवला की मिनिटभरात सगळी मूलद्रव्यं कागदावर छापून येत. दुसऱ्याच दिवशी आबा दारात उभे राहिले. अंगात खाकी सदरा, कानामागे पेन्सिल, हातात बोटभर लांबीचा तुकडा. "पाव टक्क्याले जराक कमी," म्हणाले. "आते तुनं मशीन काय सांगस ते देख, माय." आमच्याकडे लेकीच्या वयाच्या बाईला माय म्हणतात. मी तुकडा यंत्रात लावला. कागद बाहेर आला. पाव टक्क्याला जरासा कमी. आबांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मशीन चांगलं शे," एवढं म्हणाले आणि गेले.

ठिणग्या ही त्यांची हौस होती. त्यांचं काम होतं रोल कापायचं. तापून लाल झालेलं लोखंड ज्या दोन जाड, लाटण्यासारख्या गोल लाटांमधून दाबून काढतात, त्या लाटा म्हणजे रोल. त्यांच्यावर लेथने जशा खाचा पाडाव्या, तशी सळई घडते. सळईवरच्या तिरप्या रेघा आणि मधूनमधून उमटणारा कंपनीचा मार्क, हे सगळं रोलमध्ये आधी उलटं कोरावं लागतं. आमचा मार्क म्हणजे तीन रेघा आणि एक ठिपका. तो ठिपका आबा दुसऱ्या कुणाला कोरू देत नसत. एकदा मी म्हटलं, "आबा, इतकं काय बघता त्याच्याकडे? शेवटी काँक्रीटमध्येच पुरायचीय ना सळई?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हनीसनच. भिंतमा गयं का कोनले दिखस नही. आतेच नीट करनं पडस."

जेवायला ते कधी एकटे बसत नसत, आणि आमच्यातही फारसे बसत नसत. ट्रक घेऊन आलेला जो कुणी ड्रायव्हर आवारात असेल त्याला हाक मारायची, शेडच्या सावलीत डबा उघडायचा, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा अर्धा तुकडा आणि त्यावर मिरचीचा ठेचा त्याच्या हातावर ठेवायचा, आणि विचारायचं, "तुमनाकडे मिली किती चालू शेतस?" पंजाब, ओडिशा, बंगाल, कुठे कोणती भट्टी पेटली आणि कुठली विझली हे त्यांना पेपर न वाचता ठाऊक असे.

अशातच एके दिवशी शेठनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. शेजारच्या देशांमध्ये लोखंडाचा व्यापार आता सोपा झालाय, म्हणाले. नेपाळात एका मिलशी त्यांनी भागीदारी केली होती. आपल्याकडची बिलेट, म्हणजे कच्च्या लोखंडाचे लांब चौकोनी ठोकळे, तिकडे जाणार. तिकडे वीज स्वस्त, मजुरी स्वस्त. तिथे सळई ओढायची आणि ती जकात न भरता परत आपल्या बाजारात आणायची. अट एकच, कच्चं लोखंड शेजारी देशांमधलंच हवं. "आता आपण एका देशाची मिल नाही राहिलो," शेठ म्हणाले. "पुढं बांगलादेश, भूतान, सगळे एका साखळीत येणार." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग त्यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला. तिकडची मिल उभी करायला आबा जाणार होते.

ते गेले आणि पावणेदोन वर्षं राहिले. रक्सौलच्या पलीकडे, सरहद्दीपासून तासाभराच्या वाटेवर ती मिल होती. जाताना त्यांच्यासोबत आमच्या मार्काचे रोल गेले. शेठनी सांगितलं, कुठंही बनली तरी सळई आपलीच, मार्क एकच राहील. आबांनी ते रोल नेहमीपेक्षा जास्त दिवस घेऊन कोरले. त्यांना ते मनापासून पटलं होतं, हे मला आज सांगावंसं वाटतं, कारण पुढे लोक वेगळंच बोलले.

परत आले ते वाळलेले, काळवंडलेले आणि भलतेच खुशीत. तिकडच्या हरिनारायण नावाच्या माणसाबद्दल ते तासन्‌तास बोलत. वय चाळिशीचं, आधी विटांच्या भट्टीवर होता, आबांनी त्याला लेथवर उभं केलं आणि वर्षभरात तो रोल कापायला शिकला. "त्यास्नाकडे म्हनतस 'बा', आपलाकडे 'शे'," आबा सांगत. "पानी बा, पानी शे. बाकी बठ्ठं एकच." दर रविवारी त्याचा फोन यायचा. तो भोजपुरीमिश्रित हिंदीत विचारायचा, आबा अहिराणीत उत्तर द्यायचे, आणि दोघांचं काम अडत नसे.

जळगावच्या एका हॉटेलात उद्योजकांचा मेळावा झाला तेव्हा शेठनी आबांचा सत्कार घडवून आणला. शाल, श्रीफळ, फोटो. आधीच्या वक्त्यांनी सीमेपलीकडच्या सहकार्यावर अर्धा अर्धा तास घेतला होता. आबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. माईक त्यांनी तोंडाच्या फार जवळ धरला, आवाज घुमला, लोक हसले. "आम्ही तिकडच्या लोकांना काम शिकवलं," ते जमेल तशा पुस्तकी मराठीत म्हणाले. "त्यांनी आम्हाला जेवू घातलं. आता इकडची भट्टी बंद करू नका, एवढंच सांगणं आहे." टाळ्या जरा उशिरा आल्या. त्या सुमारास आमच्याकडे दोनच पाळ्या उरल्या होत्या. मेळाव्यानंतर दोन महिन्यांत एकच उरली.

मग तिकडून सळई येऊ लागली, आमच्याच मार्काची. आमच्याच गोदामात उतरायची, आमच्याच दाखल्यानिशी बाजारात जायची. पहिले काही महिने मी तपासली, माल चोख होता. एका दुपारी आबा लॅबमध्ये आले. हातात तुकडा होता, पण या वेळी त्यांनी आकडा सांगितला नाही. म्हणाले, "हाई आपलं लोखंड नही शे."

"मार्क तर आपलाच आहे, आबा."

"मार्क मना शे. लोखंड कोनं शे ते तू देख."

मी यंत्र लावलं. कार्बन भलताच जास्त होता आणि फॉस्फरस तर चालणाऱ्या मर्यादेच्या कितीतरी वर. मग आम्ही दोघांनी एक अख्खी सळई वाकवून पाहिली. चांगली सळई वाकते. ही कोपऱ्यावर तडकली आणि कडकन दोन तुकडे झाले. आबांनी तिथंच उभं राहून हरिनारायणला फोन लावला, स्पीकरवर. तिकडून तो म्हणाला, "आबा, आपका बिलेट तो छह महीने से आया ही नहीं. ये जहाज का माल है. कोलकाता से डिब्बों में आता है. हमको बोला, जो आये वो बेलो."

म्हणजे कुठल्यातरी दूरच्या देशात कुणी घेत नव्हतं ते लोखंड जहाजानं यायचं, शेजाऱ्याच्या मिलमधून एकदा लाटलं जायचं, आणि शेजाऱ्याच्या सवलतीनं, आमच्या मार्कानं, इकडे विकलं जायचं. कागदावर सगळी साखळी शेजारी देशांची होती.

आबा तडक शेठच्या केबिनमध्ये गेले. मीही मागून गेले, कारण छापील कागद माझ्या हातात होता. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं, कागद आपल्याकडे ठेवून घेतला. आबांना पाणी दिलं. म्हणाले, "बघतो मी. तुम्ही रोल बघा, आबा. लोखंड आम्ही बघू." आबा म्हणाले, "शेठ, हाई सळई कोनाबी घरमा जाई." शेठ म्हणाले, "म्हटलं ना, बघतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एकटीला बोलावलं. जळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या व्याख्यात्याची जागा निघाली होती. मी अर्ज केलाय हे त्यांना माहीत होतं. अनुभवाचा दाखला त्यांच्या सहीचा लागणार होता. तो टाइप होऊन टेबलावर तयार होता. त्याच्या शेजारी सळईच्या नव्या मालाचे तपासणी दाखले होते, त्यावर जुन्या, चांगल्या मालाचे आकडे. शेठनी आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. फक्त पेन पुढे केलं. "आधी तुमची, मग माझी," म्हणाले.

मी सही केली. लॅबमध्ये जाऊन यंत्रातली त्या तडकलेल्या सळईची नोंदही पुसली. मला अनुभवाचा दाखला घेऊन दुपारच्या बसनं जळगावला जायचं होतं आणि उशीर होत होता.

दीड महिन्यानं चाळीसगावला एका इमारतीच्या कामावर सळई वाकवताना तुटली. वाकवणाऱ्या मिस्तरीचा एक डोळा गेला. त्यानं तक्रार केली, चौकशीला दोन सरकारी अधिकारी आले. शेठनी माझ्या सहीचे दाखले पुढे केले आणि लेखी जबाब दिला की आपल्या मिलमधून असा माल बनलेलाच नाही. कंपनीचा एक जुना कामगार तिकडे गेला असताना त्यानं मार्काचे रोल परस्पर कापून तिकडच्या लोकांना दिले, असा त्यांचा संशय होता. कामगाराचं पूर्ण नाव खाली होतं. मी तो कागद वाचला तेव्हा ते कुणाचं नाव आहे हे समजायला मला क्षणभर वेळ लागला.

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "या मालाची तुम्ही वेगळी तपासणी केली होती?" आबा खोलीत समोरच्या बाकावर बसले होते. मांडीवर टोपी होती. मी म्हणाले, "नाही. मला दिलेल्या नमुन्याचा दाखला मी दिला."

आबांना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, रोल मी कापले, शेठच्या सांगण्यावरून नेले. लेखी आदेश आहे का, असं त्यांना विचारलं. तीस वर्षांत शेठनी त्यांना कधी लेखी आदेश दिला नव्हता. हाक मारली की ते येत.

संध्याकाळी गेटबाहेर ते माझी वाट पाहत थांबले होते. सायकल हातात धरून. मला वाटलं, शिव्या देतील. मला त्या हव्या होत्या. ते म्हणाले, "तुनं मशीन खरं बोलनं व्हतं ना, माय?"

"हो, आबा."

"मंग तू काब नही बोलनी?"

ते खरोखर उत्तराची वाट पाहत थांबले. मग सायकलवर बसून साक्री रोडच्या दिशेनं गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

त्यांना कामावरून काढलं. शेठनी पोलिसात जायचं टाळलं आणि ते आपलं औदार्य आहे असं चारचौघांत सांगितलं. दुसऱ्या मिलवाल्यांनी आबांना उभं केलं नाही. मार्क विकणारा माणूस कोण ठेवील? गावाकडच्या एका वर्कशॉपमध्ये ते विहिरीच्या मोटरींचे शाफ्ट घासायला जात, असं कानावर आलं. वर्षभरात इकडची मिल बंद झाली. बाहेरून येणाऱ्या लोखंडाचे नियम कडक झाले तशी तिकडचीही झाली. शेठ आता नाशिकला असतात, तयार पत्र्याचा व्यापार करतात आणि मेळाव्यांतून शेजारी देशांच्या सहकार्यावर बोलतात. मी जळगावला कॉलेजात लागले होते. पहिल्या वर्षाच्या पोरांना मिश्रधातू शिकवत होते.

दोन वर्षांनी जुन्या कामगारांच्या ग्रुपवर निरोप आला, चिणगीआबा गेले. हृदयविकाराचा झटका. पाठोपाठ एका अनोळखी नंबरवरून मला फोन आला. "लैबवाली बहनजी? मैं हरिनारायण." तो दहाव्याला येत होता, जळगावला उतरणार होता, आणि धुळ्यापुढचं गाव त्याला सापडेल की नाही याची चिंता होती. मी म्हणाले, मी गाडी घेऊन येते. याचं कारण चांगुलपणा नव्हता. एकटीनं जाण्याची हिंमत होत नव्हती.

स्टेशनवर तो दिसला. बुटका, टक्कल पडलेला, खांद्याला एक पिशवी. एरंडोल, पारोळा मागे पडलं तरी तो बोलतच होता. आबा तिकडे असताना त्याच्याच घरी जेवायचे, त्याच्या आईला माय म्हणायचे. मग म्हणाला, त्यालाही काढलं होतं. तिकडच्या मालकानंही तेच सांगितलं, हरिनारायणनं धुळ्याचा मार्क चोरून वापरला. तेव्हापासून त्याला कुठल्याही मिलमध्ये कुणी घेत नाही. आबांच्या घरी एखादा कागद, एखादी चिठ्ठी मिळेल का, ज्यात रोल कंपनीनं पाठवले असं लिहिलंय, हेही त्याला पाहायचं होतं. "आबा बोले थे, बहनजी के पास सच है. आप उनसे मिलो." हे त्यानं अगदी साधेपणानं सांगितलं. मी गाडी चालवत राहिले.

आबांचं घर दोन खोल्यांचं. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. यंत्रातली नोंद, दाखला, सही, चौकशीतलं माझं 'नाही'. हरिनारायणला कळावं म्हणून पुन्हा हिंदीत सांगितलं. त्यानं मान खाली घातली आणि पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला.

अक्का म्हणाल्या, "मले माहीत शे. त्यास्नी सांगेल व्हतं."

मला रडू येत होतं. त्यांनी ते येऊ दिलं नाही. "दोन वरीस वाट देखी त्यास्नी," म्हणाल्या. "बाहेर गाडी वाजनी का म्हनेत, देख, माय उनी का. मी उठीसन देखू. तू उनी नही."

त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. बाजारातून काय आणलं नाही हे सांगावं, तसं त्या सांगत होत्या.

हरिनारायणनं पिशवीतून वही काढली. "बहनजी, आप लिखकर देंगी?" मी तिथंच जमिनीवर बसून लिहिलं. मालाचे खरे आकडे जेवढे आठवत होते तेवढे, शेठ काय म्हणाले ते, रोल कुणाच्या सांगण्यावरून गेले ते, आणि मी खोटं बोलले ते. दोन प्रती. खाली सही. एक प्रत तो घेऊन गेला, दुसरी मी चौकशीच्या कार्यालयात पाठवली.

त्या कार्यालयातून उत्तर आलं की संबंधित कामगार मयत असल्यानं प्रकरण बंद करण्यात आलं आहे. हरिनारायणचा फोन त्यानंतर आला. "कागज चला नहीं, बहनजी." तिकडे विचारलं, ही बाई कोण? कंपनीचा शिक्का कुठंय? कंपनी बंद आहे, तर शिक्का कसला? दूर देशाचं लोखंड त्या सरहद्दीवरून दोनदा गेलं, एकदा जाताना आणि एकदा येताना, खोट्या कागदांवर. माझा खरा कागद एकदाही पलीकडे चालला नाही. हरिनारायण आता आखातात आहे, कुठल्याशा मिलमध्ये सळया मोजून गठ्ठे बांधतो. लेथवर त्याला उभं करत नाहीत.

हे सांगायला मी अक्कांकडे गेले. त्या अंगणात शेंगा फोडत होत्या. मी म्हणाले, "अक्का, कागदाचा काही उपयोग झाला नाही."

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "मंग दुसरा लिख," म्हणाल्या.

म्हणून हे लिहिलं. शेठ हयात आहेत, मी नोकरीत आहे, आणि चाळीसगावचा तो मिस्तरी एका डोळ्यानं अजून सळया वाकवतो. चिणगीआबांनी मार्क विकला नव्हता.